पंखा फिरताना

“ह्याचं दार कुठंय?” आईंनी विचारलं.

कॅप्टन इंगवले विमानाच्या चाकाशी उकिडवे बसून हवा बघत होते. “काढून ठेवलंय,” ते वर न बघता म्हणाले. “दार लावलं की फोटो काचेतनं काढावा लागतो. काच उजेडाला चमकती.”

“आणि ही बसणार कुठं?”

“दार होतं तिथं.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. कराडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसल्या. फलाटावरचा भोंगा म्हणजे त्यांचा आवाज. दार न लागणाऱ्या गाड्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, म्हणून त्या कॅप्टनना पुढे काही बोलल्या नाहीत. कडेवरच्या इराचं टोपडं कानांवर ओढलं आणि माझ्याकडे वळल्या.

“पाऊण तास. त्याच्या वर मी कबूल नाही.”

पाऊण तास हा हिशेब इराचा होता. तिला नुकताच सातवा महिना लागला होता. उष्टावण व्हायची होती आणि पोर पूर्ण अंगावर. बाटली तोंडाशी नेली की मान अशी फिरवायची, जणू आपण तिचा काही अपमान केलाय. त्यामुळे माझं जग दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात मावेल एवढंच होतं. त्यातून धावपट्टीपर्यंत यायला लागणारा वेळ वजा.

इराच्या आधी मी फोटोग्राफर होते. घाटातल्या मोटारींच्या शर्यती, पॅराग्लायडर, एकदा तर गरम हवेच्या फुग्यातून काढलेले उसाचे फड. मग चौदा महिने काहीच नाही. आता गावातल्या शाळेने चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. शनिवारी हे काम होतं. मी कुणाला बोलले नव्हते, पण मनाशी ठरवलं होतं. आज नीट जमलं तर शाळेला नाही म्हणायचं. नाही जमलं तर कॅमेरा कपाटात आणि सोमवारी शाळेत.

ज्याचा फोटो काढायचा ते दुसरं विमान शेडच्या सावलीत उभं होतं. पिवळंधमक, ठेंगणं, नाकाशी जाड. हार्वर्ड. हवाई दलातली पोरं एके काळी ह्याच्यावर उडायला शिकायची. विंग कमांडर प्रभुदेसाईही विसाव्या वर्षी ह्याच्यावरच शिकले होते. निवृत्तीनंतर त्यांना कुठल्या तरी गोदामात ह्या जातीच्या एका विमानाचा सांगाडा सापडला. तो त्यांनी इथं आणला आणि नऊ वर्षं ह्या शेडमध्ये बसून उडता केला. आता ते सत्तरीला आले होते. उडण्यासाठी डॉक्टरचा जो दाखला लागतो, त्याची मुदत त्या महिन्यात संपत होती आणि त्यांनी नवा काढायचा नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी विमानाचे पंख उतरवून ते ट्रेलरवर चढणार होतं, एका संग्रहालयात जाण्यासाठी. संग्रहालयाला एक मोठा फोटो हवा होता. खाली विमान, मागच्या भिंतीवर तेच विमान आकाशात. असा फोटो जमिनीवरून निघत नाही. शेजारी दुसरं विमान उडवावं लागतं आणि त्यातून काढावा लागतो.

“माझी एकच अट,” विंग कमांडर म्हणाले. पांढऱ्या मिशा, उन्हाने तांबूस झालेलं नाक, इस्त्रीचा शर्ट. “पंखा फिरताना दिसला पाहिजे. थांबलेला पंखा मी इथं नऊ वर्षं बघितलाय.”

“ते तर पहिलं, सर,” मी म्हटलं.

“गुड. आता हवेतलं. तीन शब्द. क्लोजर म्हटलं की मी जवळ घेणार. होल्ड म्हटलं की आहे तिथं राहणार. ब्रेक म्हणजे मी निघालो. हे तीन सोडून चौथा शब्द रेडिओवर नको. गप्पा खाली आल्यावर. चहा मी देईन.”

“येस सर,” इंगवले म्हणाले आणि विंग कमांडर पाठमोरे झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “ह्यांच्या लग्नात मंगलाष्टकंसुद्धा तीन शब्दांत उरकली असणार.”

विमान सुटलं तेव्हा आई एका हाताने इराचा हात धरून टाटा करवत होत्या. आमचं विमान लहान, चार जणांचं. उजवीकडची पुढची सीट काढून मला तिथे जमिनीवर बसवलं होतं, खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे. धावपट्टी सुटली, उसाचे हिरवे चौकोन खाली गेले आणि वारा अंगावर असा आला की डोळ्यांतलं पाणी कानाकडे धावलं.

“मॅडम, खाली बघू नका,” इंगवले कानातल्या फोनमधून म्हणाले.

“मला खाली बघायला आवडतं.”

“मग बघा. मला नाही आवडत.”

पाच मिनिटांत हार्वर्ड आमच्या उजव्या हाताला आलं. आधी आवाज. घरघर नाही, भरदार कर्कश घोष, छातीत जाऊन बसणारा. मग पिवळं नाक, मग काचेखाली विंग कमांडरांचं डोकं. मी कॅमेरा उचलला आणि चौदा महिने कुठे गेले ते कळलंच नाही. बोटं आपोआप चालत होती. क्लोजर. होल्ड. कृष्णा-कोयनेचा संगम खाली चमकत होता. आगाशिवाच्या डोंगरावर विमानाची सावली सशासारखी उड्या मारत होती. मी हसत होते, एकटीच, मोठ्याने.

“काय झालं?” इंगवले.

“काही नाही. छान आहे.”

“सरांना आपल्या वेगानं यायचं म्हणजे रांगायला लागतंय,” ते म्हणाले. “तक्रार नाही बघा एक.”

दोन फेऱ्या झाल्या. वीस मिनिटं. जॅकेटखाली डोकं घालून मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिले.

पंखा थांबलेला होता.

पहिल्या फोटोत, दहाव्यात, शंभराव्यात. दोन पाती, घड्याळाचे काटे बंद पडावेत तशी स्वच्छ, स्पष्ट, निश्चल. पिवळं विमान, मागे निळा डोंगर, आणि नाकावर मेलेला पंखा. जणू कुणी खेळण्यातलं विमान दोरीने टांगलंय.

शटर. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर होतं. एवढ्या कमी वेळात फिरता पंखासुद्धा जागच्या जागी गोठतो. तो फिरताना दिसायला शटर सावकाश लागतं, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. पण गेले सहा महिने मी ह्या कॅमेऱ्याने एकाच व्यक्तीचे फोटो काढले होते आणि ती व्यक्ती अर्धा सेकंदही एका जागी राहत नव्हती. तिच्या लाथा, तिचे फिरणारे हात, तिचं अचानक पालथं पडणं, हे सगळं पकडायला मी तो आकडा लावला तो लावलाच. आज सकाळी लेन्स पुसली, बॅटरी भरली, कार्ड तपासलं. तो आकडा बघितलाच नाही.

“कॅप्टन,” मी म्हटलं, “मला आणखी एक फेरी पाहिजे.”

“का? झालं की मस्त.”

ढग आला होता, असं सांगता आलं असतं. आकाशात औषधाला ढग नव्हता.

“माझी चूक झालीय. सगळ्या फोटोंत पंखा थांबलाय.”

इंगवल्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग समोर. मग रेडिओचं बटण दाबून इंग्रजीत सांगितलं, की फोटोग्राफर आणखी एक फेरी मागतेय.

“कारण?” विंग कमांडरांचा आवाज.

इंगवल्यांनी हाताने खूण केली, तुम्हीच सांगा. मी बटण दाबलं. “सर, फोटोत पंखा थांबलेला दिसतोय. चूक माझी आहे.”

“माझा तर चालू आहे,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आठ मिनिटं. त्यापुढं पेट्रोल नाही.”

आम्ही वळायला लागलो आणि तेवढ्यात रेडिओवर एक आवाज उमटला. खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटं, पायऱ्या उतरल्यासारखा. तो आवाज अख्ख्या तालुक्याला ओळखीचा होता.

“हॅलो. शाल्मली आहे का तिथं?”

खाली धावपट्टीशेजारच्या फ्लाइंग क्लबच्या टेबलावर एक हातातला रेडिओ असायचा. तो आईंच्या हातात कसा गेला, हे मला आजही पूर्ण कळलेलं नाही. तीस वर्षं ज्या बाईने माइकमध्ये बोलण्याचा पगार घेतला, तिच्यासमोर ठेवायची वस्तू नव्हती ती.

“कोण बोलतंय?” विंग कमांडरांनी विचारलं. आवाजात चाळीस वर्षांची शिस्त ताठ उभी राहिली होती.

“मी तिची सासू. आपण?”

“मी... पिवळं विमान.”

“बरं. तिला सांगा, मुलगी उठली आहे.”

इंगवल्यांचे खांदे हलत होते. मी बटण दाबलं. “आई, मी ऐकतेय. रडतेय का?”

“अजून नाही. तोंड वाकडं केलंय.”

“आई, फोटो बिघडले. सगळे. माझ्या चुकीनं. आणखी आठ मिनिटं लागणार.”

आणि नेमकं तेव्हाच, इरा उठली हे ऐकल्याबरोबर, छातीत ती ओळखीची चमक उठली आणि जॅकेटखाली सदरा ओला व्हायला लागला. अंग माझं होतं, पण ते खाली निघालं होतं. पाऊण तास भरत आला होता. मी नुसतं “चला” म्हटलं असतं तर इंगवल्यांनी लगेच नाक खाली केलं असतं, आणि कुणी मला दोष दिला नसता. सोमवारचं उत्तरही त्यात येऊन गेलं असतं.

“मग नीट काढून ये,” आईंचा आवाज आला. “आम्ही आहोत इथं. तिला मी गाड्या सांगते.” आणि बटण तसंच दाबलेलं राहिलं असावं, कारण पुढचंही ऐकू आलं. “हे बघ इरा, कराड-चिपळूण गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे...”

“होल्ड,” विंग कमांडर म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. पण रेडिओ बंद झाला.

मी शटर सेकंदाच्या ऐंशीव्या भागावर आणलं. ऐंशीवर पंख्याची तबकडी होते, पण हात हलला तर विमानाचीही लापशी होते. दाराच्या चौकटीला कोपर टेकवून चालत नाही, विमानाची सगळी थरथर फोटोत उतरते. कशालाही टेकायचं नाही, आणि तरी स्थिर राहायचं. मी पाठ सोडली, कंबर सैल केली, कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि विमान जसं डोलतंय तसं डोलू दिलं. झोपलेल्या पोराला गादीवर ठेवायला नेताना आपण जसे चालतो तसं. श्वाससुद्धा बेताने.

“क्लोजर,” इंगवले म्हणाले. “होल्ड.”

दहा, वीस, पन्नास. पडद्यावर बघायला वेळ नव्हता. विंग कमांडरांचं डोकं आमच्याकडे वळलेलं नव्हतं. ते समोर बघत होते. सहा मिनिटं झाली, सात झाली. इंगवले घड्याळावर बोट वाजवायला लागले.

आणि मग रेडिओवर विंग कमांडर बोलले. हळू, खालच्या पट्टीत, एखाद्याच्या उंबऱ्यात चपला चढवताना बोलावं तसं.

“बरं. येतो मग.”

“येतायत,” इंगवले म्हणाले. “आणखी जवळ घेणार. मी सरळ धरतो. तयार ऱ्हावा.”

एवढं मोठं विमान आणखी जवळ आलं तर चौकटीत मावणार नाही म्हणून मी लेन्स लगेच मागे घेतली. सगळं आकाश आत आलं. नदी आली, डोंगर आला, मधोमध छोटंसं पिवळं विमान. मी ते वाढायची वाट बघू लागले.

ते वाढलं नाही. त्याचा आमच्याकडचा पंख सावकाश वर उचलला गेला. मग भरभर. सबंध विमान एका कुशीवर झालं, दुसरीकडे वळलं आणि त्याचं पिवळं पोट, चाकांच्या खाचा, पंखांखालची अक्षरं, सगळं उन्हात उघडं पडलं. माझं बोट दाबलेलंच होतं. दुसऱ्या क्षणाला ते खाली, दूर, उसावर एक पिवळा ठिपका होऊन गेलं.

“अरे,” इंगवले म्हणाले. “गेले की.”

खाली उतरल्यावर मी धावतच गेले. इरा रडत नव्हती. आईंच्या खांद्यावर तोंड घासत होती आणि मला बघितल्यावर मात्र तिने असा सूर लावला, की इतका वेळ फक्त माझ्यासाठी राखून ठेवला असावा. कॅमेरा आईंच्या गळ्यात अडकवला आणि शेडमध्ये हार्वर्डवर घालायची ताडपत्री टांगलेली होती तिच्या आड बसून इराला घेतलं. मला काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

“हे बटण दाबलं की पुढचा येतो,” आई सांगत होत्या. घरी इराचे फोटो बघून त्यांना ते पाठ होतं.

“हा बंद पडलेला,” इंगवले म्हणाले. “हा बी. हा बी.”

“फोटो छान आहेत,” विंग कमांडर म्हणाले. त्यांनी हे चांगुलपणाने म्हटलं, म्हणून जास्तच लागलं.

“पुढं चला,” आई म्हणाल्या. “हे सगळं पोरीच्या नादातलं आहे. नंतरचे बघा.”

बटणाची टिकटिक. “हा हललाय.” टिक. “हाही.” टिक, टिक. “ह्यात पंखा बरोबर आहे, पण सर दोन दिसतायत.” टिक. टिक. इराचा घुटके घेण्याचा आवाज. मी मोजत होते. पन्नास, साठ. शाळेत सकाळची पाळी की दुपारची, हे विचारायचं राहिलं होतं, असं मनात येऊन गेलं.

टिकटिक थांबली.

मी इराला तशीच उचलून उठणार होते.

“ह्यात मी दिसत नाही,” विंग कमांडर म्हणाले.

“पोट आलंय ना सगळं, सर. वळताना.”

“पंखा?”

“फिरतोय की,” आई म्हणाल्या. “पापडासारखा गोल.”

मग इंगवले, जरा चाचरत. “सर, एक विचारू का? तुम्ही येतो म्हणालात, आणि गेलात.”

“मी?”

“मी सरळ धरून बसलो ना, तुम्ही जवळ येणार म्हणून. मॅडमनी लेन्स मागं घेतली म्हणून हा सबंध मावला. नाही तर नुसतं चाक आलं असतं.”

“ब्रेक नाही म्हणालो?”

“नाही सर.”

“बटण दाबलं गेलं असेल,” ते म्हणाले. “तुम्हाला म्हणालो नव्हतो.”

“मग कुणाला?”

उत्तर आईंनी दिलं. “काय विचारता हो, कॅप्टन. पुन्हा यायचं नसलं तरी निघताना माणूस येतोच म्हणतो.”

“भिंतीवर हा लावायचा,” विंग कमांडर म्हणाले.

“सर, संग्रहालयानं बाजूनं मागितलाय. पायलट दिसायला पाहिजे म्हणून.”

“विमान माझं आहे,” विंग कमांडर म्हणाले. “चहा कोण कोण घेणार?”

त्यांची पावलं लांब गेली. ताडपत्रीची कड उचलून आई आत आल्या. माझ्या ओल्या सदऱ्याकडे त्यांनी पाहिलं, हातातलं इराचं दुपटं माझ्या खांद्यावर टाकलं आणि समोर एका उलट्या बादलीवर बसल्या.

“एकूण किती काढलेस?”

“अडीचशेच्या वर.”

“आणि कामाचा?”

“एक.”

त्यांनी मान डोलावली. एसटीतल्या बाईला हे प्रमाण ओळखीचं असावं. “म्हणजे पुढच्या वेळी पाऊण तासात भागायचं नाही.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या इराकडे बघत होत्या. दूध पिऊन तिचे डोळे मिटायला आले होते, ओठांच्या कडेला एक थेंब.

“निनादला फोन लाव,” त्या म्हणाल्या. निनाद माझा भाऊ, सांगलीला असतो. “म्हणावं, उद्या भाचीची उष्टावण आहे. मामानं सकाळी नऊच्या आत हजर व्हायचं. पोर खायला लागल्याशिवाय तुझं काही खरं नाही.”

“उद्या? आई, तयारी काहीच नाही.”

“खिरीला काय लागतंय. खीर मी बघते. शाळेचं सोमवारी तू बघ.”

शाळेबद्दल मी मनाशी काय ठरवलं होतं, ते मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. आता इरा आठ वर्षांची आहे, धाकटा मांडीवर आहे, आणि अजूनही मी विचारलेलं नाही, की तुम्हाला कळलं कसं.

रविवारी सकाळी निनाद इस्त्रीचा शर्ट घालून आला. पाटावर बसून त्याने इराला मांडीवर घेतलं, चांदीच्या चमच्यात अगदी नखाएवढी खीर घेतली आणि तिच्या ओठांना लावली. इराने ती चाखली, नीट विचार केला आणि मामाच्या शर्टावर थुंकली.

निनाद हात वर करून बसला. मी फडकं शोधायला उठले.

“बस खाली,” आई म्हणाल्या, आणि दुसरा चमचा भरला.